साठ की आठ?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

मी भिवंडीहून बोलतेय. आमचा मंडप आणि स्पीकर भाड्याने देण्याचा धंदा आहे. सासऱ्यांनी सुरू केला, आता गेली चौदा वर्षं मी आणि माझे मिस्टर मिळून बघतो. वायरी ओढणं, बॉक्स चढवणं, मशीन लावणं हे सगळं मी हाताने केलेलं आहे. आज मला स्पीकर कुठे ठेवायचे यावर बोलायचं आहे. काही जणींना वाटेल, गटाच्या कार्यक्रमात कर्जावर बोलतात, बाजारावर बोलतात, ही बाई स्पीकर काय घेऊन बसली! पण स्पीकर चुकीच्या जागी ठेवल्यामुळे आमच्याच गटाचे पैसे बुडाले आहेत, आणि एका बाईला चारचौघींत खाली बघावं लागलं आहे. तेच आधी सांगते.

आमच्या गटाची बसायची खोली म्हणजे पूर्वीचा मागाचा गाळा. बारा फूट रुंद, वीस फूट लांब. वर पत्रा, खाली शहाबादी लादी. एका लांब बाजूला पक्की भिंत, तिच्या पलीकडे अजून माग चालतात. समोरच्या लांब बाजूला लोखंडी शटर. आखूड भिंतीला एका कोपऱ्यात लोखंडी कपाट आणि दुसऱ्या कोपऱ्यात दार. स्पीकर वाजवायला याहून वाईट खोली मी तरी फार बघितलेली नाही. गटाला दोन बॉक्स मिळाले होते, ते कुणीतरी आखूड भिंतीवर, दोन्ही कोपऱ्यांत अगदी वर, पत्र्याला टेकून ठोकले. जागा अडत नाही, पोरांचे हात पोचत नाहीत. मीही तेव्हा काही बोलले नाही. रोजचाच धंदा, म्हणून घरच्या खोलीकडे लक्षच गेलं नाही. ही माझी चूक.

मग एकदा कापडी पिशव्यांची मोठी ऑर्डर आली. बाराशे पिशव्या, आम्ही वीस जणी. अध्यक्षताईंनी माईकवर सांगितलं, “प्रत्येकीने साठ पिशव्या, गुरुवारपर्यंत.” पलीकडे माग चालू होते. गुरुवारी पिशव्या मोजायला बसलो, तर शेवटच्या रांगेतल्या तिघींनी आठ-आठच आणलेल्या. एकशे छप्पन्न पिशव्या कमी. व्यापाऱ्याने पैसे कापले आणि पुढची ऑर्डर दुसरीकडे दिली. आपसात बोलणी झाली. “आठ पिशव्यांसाठी कुणी मीटिंग घेतं का, एवढं कळू नये?” त्या तिघींतल्या एक आमच्या मावशी. वय साठीच्या पुढे. आधी बरीच वर्षं कांडी मशीनवर होत्या, आणि गावात धवलारीण म्हणून त्यांचा मान. आमच्या आगरी लग्नांत धवले म्हणतात त्या. शेकडो ओळी तोंडपाठ. त्या मावशींना सगळ्यांनी बहिरी ठरवलं. पुढच्या दोन मीटिंगला त्या आल्याच नाहीत. बोलवायला गेले तर म्हणाल्या, “मना नीट आयकाला येत नाय, मी येऊन काय करू?”

त्या रात्री मी एकटी गाळ्यात गेले. माझ्या नणंदेला माईकवर आकडे वाचायला लावले आणि मावशी बसतात तिथे, शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले. माझे कान धड आहेत. तरी मला साठ आणि आठ वेगळं करता येईना. सात आणि हात वेगळं करता येईना. वीस म्हणतेय की तीस, कळेना. आवाज भरपूर होता. शब्द नव्हता.

असं का होतं, ते सांगते. विहिरीत तोंड घालून हाक मारली की विहीर घुमते ना? लादी, पत्रा, प्लास्टरची भिंत आणि शटर यांचं तसंच आहे. आवाज यांवर आपटून परत येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे अकराशे फूट. वीस फुटांच्या खोलीत तो एका सेकंदात पन्नासहून जास्त वेळा या भिंतीवरून त्या भिंतीवर जाऊ शकतो. म्हणजे अध्यक्षताई पुढचा शब्द बोलायला लागतात तेव्हा मागचा शब्द अजून खोलीत फिरतच असतो. त्यात आपल्या बोलण्यातले आ, ओ, ऊ हे आवाज जाड असतात, जोरात असतात. स, श, त, ट हे बारीक आणि नाजूक. जाड आवाज फिरत राहतो आणि बारीक आवाज त्याच्याखाली दबतो. ‘साठ’मधला स गेला की उरतं काय? आठ.

आणि त्यात माग. मागाच्या गाळ्यात आवाज सहसा ९० डेसिबलच्या वर असतो. आपण साधं बोलतो ते ६० च्या आसपास. भिंत मधे असली तरी त्याची खडखड येतेच. जी बाई वर्षानुवर्षं अशा आवाजात काम करते, तिच्या कानाची ताकद आधी बारीक आवाजांपासून कमी होते. तिला हाक ऐकू येते, तुम्ही बोलताय हे कळतं, पण स आणि त निसटतात. म्हणून ती म्हणते, “ऐकू येतंय, पण समजत नाही.” घरातले चिडतात. मैत्रिणींनो, मागावर किंवा कांडीवर काम केलेली बाई घरात असेल तर सरकारी दवाखान्यात कान जरूर तपासून घ्या. मावशींचा कान थोडा कमी होताच, हे मी लपवत नाही. पण त्यांच्या शेजारच्या दोघी तरुण होत्या, त्यांनीही आठच ऐकलं होतं.

आता लोक काय करतात? ऐकू येत नाही म्हटलं की आवाज वाढवतात. मंडपात मला दर वेळी हेच सांगतात, “वहिनी, वाढवा जरा.” घुमणाऱ्या खोलीत आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं. साठचा आठ होतो तो मोठ्याने आठ होतो, एवढाच फरक. म्हणून मशीनला हात लावायच्या आधी बॉक्सला हात लावा. बॉक्स हलवायला पैसे लागत नाहीत.

आम्ही काय केलं ते सांगते. पहिलं म्हणजे कोपरे सोडले. कोपऱ्यात दोन भिंती आणि वरून पत्रा, तिन्हीकडून जाड आवाज फुगतो. बॉक्स जमिनीवर कोपऱ्यात टेकवला तरी हेच होतं. कोपऱ्यातून दोन-तीन हात बाहेर काढला की फुगवटा उतरतो. घरी लगेच करून बघा. गाणं चालू ठेवा आणि बॉक्स हळूहळू पुढे ओढा, कळेल.

दुसरं, बसायची दिशाच बदलली. पूर्वी आम्ही वीस फुटांच्या लांबीत बसत होतो, मावशी बॉक्सपासून अठरा फुटांवर. आता बॉक्स मागाकडच्या लांब भिंतीपुढे, भिंतीपासून दोन फूट सोडून, एकमेकांपासून नऊ-दहा फुटांवर. आम्ही त्यांच्याकडे तोंड करून बसतो. आता सगळ्यात मागची बाईसुद्धा दहा फुटांच्या आत. बॉक्सच्या जवळ असलं की सरळ येणारा आवाज जास्त मिळतो आणि आपटून येणारा कमी. लांब हॉलमध्ये एकच मोठा भोंगा पुढे लावण्यापेक्षा दोन लहान बॉक्स बायकांच्या जवळ लावलेले कधीही चांगले. मोठा भोंगा लावला की आयोजकांना समाधान वाटतं, तो भाग वेगळा.

तिसरं उंची. आपण सतरंजीवर बसतो तेव्हा कान जमिनीपासून अडीच फुटांवर येतो. चार जणी गाणी ऐकत असतील तर बॉक्स त्याच उंचीला, स्टुलावर ठेवा. पण वीस जणी असतील तर पुढचीच्या डोक्याने मागचीचा आवाज अडतो, आणि अडतो तोसुद्धा बारीक आवाजच. म्हणून आम्ही बॉक्स पाच-साडेपाच फुटांवर ठेवून तोंड खाली झुकवलं, शेवटच्या रांगेच्या चेहऱ्यांकडे. बॉक्सखाली मागून लाकडाची पाचर दिली, वर दोरीने पक्कं बांधलं. बांधणं विसरू नका, खाली पोरं असतात. पत्र्याकडे तोंड करून बॉक्स कधी लावू नका.

चौथी गोष्ट मला सगळ्यात आवडते. समोरचं शटर आम्ही उघडं ठेवतो. आवाज उघड्या जागेतून बाहेर जातो आणि परत येत नाही. मीटिंगमध्ये कुणी गुपित बोलायचं असेल तर अडचण होते हे खरं. पावसात आणि थंडीतही शटर बंद करावं लागतं. तेव्हा आतल्या बाजूने दोरी बांधून तिच्यावर गोधड्या टाकतो. भिवंडीत चिंध्यांना तोटा नाही. घरोघरी चिंध्या भरलेल्या जाड, जड गोधड्या आहेत. गोधडी शटरला चिकटवू नका, एक वीत अंतर ठेवा, म्हणजे ती जास्त आवाज गिळते. पातळ पडदा किंवा ओढणी लावाल तर उलटंच होईल. पातळ कापड फक्त बारीक आवाज खातं, म्हणजे आपला स आणि त, आणि जाड आवाज तसाच घुमत राहतो. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवलेलेही मी पाहिलेत. त्याने फारसं काही होत नाही, आणि आग लागली तर भडकतात. गोधडीही मशीनवर, बल्बजवळ टाकू नका. मशीन तापतं, त्याला हवा लागते.

गोधडीचं ऐकून हसू नका. अमेरिकेत हार्वर्ड म्हणून मोठं विद्यापीठ आहे. तिथे १८९५ च्या सुमाराला एक नवा व्याख्यानाचा हॉल बांधला होता, त्यात कुणाला शब्द कळेना. बोललेला शब्द साडेपाच सेकंद हॉलमध्ये घुमत राहायचा. तिथल्या वॉलेस सबाइन नावाच्या तरुण शिक्षकावर हे काम सोपवलं. त्याने जवळच्या नाटकगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, थोड्या थोड्या हॉलमध्ये ठेवल्या आणि आवाज किती वेळ टिकतो ते मोजत बसला. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत जागेवर. आणि कुठल्या वस्तूने किती आवाज गिळला हे मोजायला त्याने माप कुठलं धरलं, तर उघड्या खिडकीचं. आज जगभर सभागृहं बांधताना जो हिशोब करतात, त्याची सुरुवात त्या गाद्यांपासून झाली. आपल्या गोधड्या त्याच कामाच्या.

त्यानेच हेही दाखवलं की माणसंही आवाज गिळतात. आपलं अंग, आपली साडी, सगळंच. म्हणून रिकाम्या हॉलमध्ये तपासून “छान वाजतंय” किंवा “घुमतंय” असं ठरवू नका. बायका बसल्या की पुन्हा बघा.

आता वायरींकडे येते, कारण निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात. दोन बॉक्स असले की प्रत्येकाला दोन तारा, लाल आणि काळी. एका बॉक्सची लाल-काळी उलटी लागली की एक बॉक्स हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. जाड आवाज पडतो, आणि बोलणारी बाई कुठे आहे तेच कळत नाही, आवाज डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटतो. तपासायला दोन्ही बॉक्स तोंडाला तोंड लावून ठेवा, गाणं लावा, मग मशीन बंद करून एकाच बॉक्सच्या तारा बदलून पुन्हा ऐका. ज्यात आवाज भरीव येतो ती जोडणी बरोबर. लाल चिंधी बांधून ठेवा, पुन्हा शोधायला नको.

गाणी ऐकायची असतील तर वेगळी गंमत आहे. गाणं दोन भागांत भरलेलं असतं, डावं आणि उजवं. याला स्टिरिओ म्हणतात. १९३१ साली इंग्लंडमध्ये ॲलन ब्लूमलीन नावाच्या इंजिनिअरने याचा हक्क नोंदवला. सांगतात की तो होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेला होता, पडद्यावर नट एका बाजूला आणि आवाज दुसरीकडून, हे त्याला खटकलं. असं गाणं ऐकताना दोन बॉक्स आणि आपण, तिघांमध्ये सारखंच अंतर हवं. चूल मांडताना तीन दगड मांडतो तसं. सुतळी घ्या, एका बॉक्सपासून बसायच्या जागेपर्यंत मोजा, तीच सुतळी दुसऱ्याला लावा. एक बॉक्स फूटभर जरी जवळ असला तरी कान त्याच्याकडेच ओढला जातो, कारण तिथून आवाज आधी पोचतो. घरात एका बाजूला कपाट असतं, दुसरीकडे दार उघडं. मग कपाटाजवळचा बॉक्स कपाटाच्या कडेपेक्षा थोडा पुढे घ्या. आणि बॉक्सच्या बाजूच्या भिंतीवर कुणाला आरसा सरकवायला सांगा. तुम्ही बसल्या जागेवरून आरशात बॉक्स दिसला ती जागा आवाज आपटायची. गोधडी तिथेच लटकवा.

पण मीटिंगला, किंवा एक बॉक्स खोलीत आणि एक ओट्यावर असेल तेव्हा, हे डावं-उजवं अजिबात नको. ओट्यावरच्यांना नुसती ढोलकी आणि आतल्यांना नुसता गळा, असं मी पाहिलेलं आहे. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ असतं, ते चालू केलं की दोन्हीकडे सगळं सारखं येतं.

माईक शिट्टी मारतो त्याचं थोडक्यात सांगते. माईक बॉक्सच्या तोंडासमोर आला की तोच आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी होते. म्हणून बॉक्स पुढे, बोलणारी त्याच्या थोडी मागे. माईकच्या जाळीला मुठीत धरू नका. तोंडाजवळ धरा, चार बोटांवर. आपल्या बायका माईक लाजून छातीशी धरतात, मग मशीनवाला आवाज वाढवतो आणि शिट्टी येते. जवळ धरून साध्या आवाजात बोला.

अंगणातल्या कार्यक्रमात दोन बॉक्स फार लांब ठेवले तर एकच शब्द दोनदा ऐकू येतो. जवळचा बॉक्स आणि लांबचा बॉक्स यांत पन्नास-साठ फुटांहून जास्त फरक पडला की कानाला दोन वेगळे शब्द वाटतात. तेव्हा दोन्ही बॉक्स एकत्र आणून मधून लावा. आणि उघड्यावर लाऊडस्पीकरला परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ बंद. हा नियम २००० सालचा आहे. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आमच्याकडे हळदीला काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. भाडं मलाही मिळतं, तरी सांगते, डीजेच्या दोन भिंती समोरासमोर उभ्या राहिल्या की मधे बसलेल्या धवलारणीचं तोंड हललेलं दिसतं, बाकी काही नाही. आता मी ऑर्डर घेतानाच विचारते, धवले आहेत का? असतील तर त्या वेळी बाकी सगळं बंद, एक माईक आणि दोन बॉक्स पुढे.

पत्र्यावर धो-धो पाऊस पडतो तेव्हा मात्र माझ्याकडे उपाय नाही. मी मशीन बंद करते, सगळ्या जवळ जवळ घोळका करून बसतो, आणि आकडे फळ्यावर लिहितो.

गावात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असं आपल्याकडे कायद्यातच आहे. सभा होते, सह्याही होतात. पण शेवटच्या रांगेतल्या बाईला ठराव कळला का, हे कोण बघतं? बहुतेक समाजमंदिरं आमच्या गाळ्यासारखीच, लादी आणि पत्रा. तुमच्या गटातल्या दोघींनी सभेच्या अर्धा तास आधी जावं. एकीने माईकवर आकडे वाचावेत, उलटसुलट, साठ, आठ, सात, हात, वीस, तीस. दुसरीने शेवटच्या कोपऱ्यात बसून लिहावेत. दहातले दोन जरी चुकले तरी बॉक्स हलवा.

आमच्या गाळ्यात बॉक्स हलवल्यावर मी मावशींना घेऊन आले. त्यांना त्यांच्याच जागेवर, मागे बसवलं. नणंदेने वाचायला सुरुवात केली. मावशींना लिहिता येत नाही, त्या मोठ्याने म्हणत होत्या. “साठ. आठ. साठ. तीस.” पलीकडे माग चालूच होते. एकदा त्या थांबल्या. नणंदेला वाटलं, ऐकू आलं नाही, तिने पुन्हा वाचलं. मावशी म्हणाल्या, “आयकलं ग. सात म्हनलीस. मी त्या पिशव्यांचा हिशोब करत होते.”